दर आपला, हिशेब सॉफ्टवेअरचा
छोट्या बांधकाम व्यावसायिकांनी अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

छोट्या बांधकाम फर्मचं नुकसान साइटवर दिसतं, पण पुष्कळदा ते कोटेशनच्या कागदावरच होऊन गेलेलं असतं. बंगल्याचं कोटेशन देताना कंपाउंड वॉलचा पाया धरायचा राहून जातो. जुन्या कामाच्या फाइलमधून उचललेला सिमेंटचा दर तसाच राहतो. वाळू ब्रासमध्ये आणि काँक्रीट घनमीटरमध्ये मोजताना कुठेतरी एक आकडा चुकतो. मग काम मिळतं, वर्षभर राबणं होतं आणि शेवटचं बिल निघाल्यावर हाती काहीच उरत नाही.

दोन-तीन साइट चालवणाऱ्या फर्ममध्ये एस्टिमेट बहुतेक वेळा मालकच करतो. दिवसभर साइट, संध्याकाळी मुकादमांचे हिशेब आणि रात्री जेवणानंतर कोटेशन. घाईत केलेल्या या कामात चुका होणारच. त्या टाळायला अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडतं. मात्र डेमोमध्ये छान दिसलं म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी कुणी उघडतही नाही, असंही अनेक फर्ममध्ये घडतं. म्हणून निवड करण्याआधी काय पाहावं, काय विचारावं आणि परीक्षा कशी घ्यावी, हे नीट समजून घेऊ.

या लेखातलं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मोजमापांची बेरीज, गुणाकार, दर बदलला की सगळ्या बाबींमध्ये तो एकदम बदलणं, ही कामं सॉफ्टवेअर माणसापेक्षा चांगली करतं. दर मात्र तुमच्या फर्मचाच हवा. तुमचे दर सहज आत घेणारं, ते कसे आले हे उघड दाखवणारं आणि हवे तेव्हा पूर्ण बाहेर काढू देणारं सॉफ्टवेअर तेवढं तुमच्या कामाचं.

आधी आपलं काम ओळखा

छोटी फर्म म्हणजे सगळ्यांची गरज एकच, असं नाही. साधारण तीन प्रकारची कामं असतात आणि प्रत्येकाला सॉफ्टवेअरकडून वेगळी गोष्ट हवी असते.

पहिला प्रकार सरकारी कामांचा. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची, म्हणजे आपण ज्याला एसएसआर म्हणतो ती, किंवा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दिल्ली दरसूची हा तिथला आधार. बाबीचं वर्णन शब्दशः दरसूचीतलं लागतं, बाब क्रमांक लागतो, वाहतुकीचं अंतर म्हणजे लीड वेगळी धरावी लागते. बी-१ निविदेत विभागाचं अंदाजपत्रक आधीच दिलेलं असतं आणि ठेकेदाराने किती टक्के वर किंवा खाली एवढंच भरायचं असतं. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर भरायचा असतो. बी-१ भरणाऱ्याला विभागाचा दर आणि स्वतःचा खरा खर्च शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत, तरच किती टक्के खाली जाणं परवडेल हे कळतं. ठरावीक मर्यादेपेक्षा खाली भरलं तर जादा सुरक्षा ठेवही द्यावी लागते. तिचा भार त्याच हिशेबात दिसायला हवा.

दुसरा प्रकार खासगी बंगले, दुकानं, शेड यांचा. इथे मालक पहिला प्रश्न विचारतो, "चौरस फुटाला किती?" हा दर सांगणं व्यवहारात टाळता येत नाही, पण त्यात फार काही लपतं. पायाखाली मुरूम लागला तर एक खर्च, काळी माती लागली तर दुसरा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो. वरचं बांधकाम अगदी सारखं असलं तरी पायाचा आकडा बदलतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याचं बांधकाम येतं, त्याचा हिशेब विटांच्या हिशेबाने करून चालत नाही. अशा फर्मला आतून बाबनिहाय हिशेब करणारं आणि ग्राहकाला मात्र सोपा, टप्प्यांचा कागद देणारं सॉफ्टवेअर हवं.

तिसरा प्रकार स्वतः जागा घेऊन छोटी इमारत बांधणाऱ्यांचा. त्यांना एकूण प्रकल्पखर्च, टप्प्यांनुसार लागणारा पैसा आणि झालेल्या कामाची टक्केवारी लागते. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि तो काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रं लागतात. इंजिनिअरच्या प्रमाणपत्रात अंदाजित खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च दोन्ही येतात. अंदाजपत्रक नीट ठेवलं असेल तर ही आकडेवारी त्यातूनच निघते.

यातलं तुमचं मुख्य काम कोणतं, हे एका कागदावर लिहा. गेल्या दोन वर्षांतली सगळी कामं आठवून प्रत्येकासमोर प्रकार लिहिला तरी उत्तर समोर येईल. विक्रेत्याशी पहिलं बोलणं करण्याआधी हा कागद तयार हवा, नाहीतर तो दाखवेल ते सगळंच गरजेचं वाटू लागतं.

दरांची वही आधी

सॉफ्टवेअर घेण्याआधी करायचं दुसरं काम म्हणजे स्वतःचं दर पृथक्करण. नेहमी लागणाऱ्या पंचवीस-तीस बाबी घ्या: खोदाई, भराव, पीसीसी, आरसीसी, सेंटरिंग, सळई, वीटकाम किंवा ब्लॉकचं काम, आतला आणि बाहेरचा गिलावा, फरशी, वॉटरप्रूफिंग, रंग, प्लंबिंग, वायरिंग. छोट्या फर्मचं बहुतेक काम एवढ्यातच बसतं.

एक बाब जवळून पाहू. एम-२० काँक्रीट, एकास दीडास तीन या प्रमाणाचं, एक घनमीटर. ओलं काँक्रीट एक घनमीटर मिळवायला कोरडा माल साधारण १.५४ घनमीटर लागतो. प्रमाणाची बेरीज साडेपाच. म्हणजे सिमेंट ०.२८ घनमीटर, वाळू ०.४२ आणि खडी ०.८४. सिमेंटचं एक घनमीटर म्हणजे १४४० किलो धरलं तर ५० किलोची साधारण आठ पोती. आपल्याकडे वाळू आणि खडी ब्रासने येते, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. तेव्हा वाळू ०.१५ ब्रास आणि खडी ०.३० ब्रास. या तीन मालांना तुमच्या गावात साइटवर पोहोच मिळणारे दर लावा. मग मजुरी, मिक्सर आणि व्हायब्रेटरचं भाडं, पाणी, वेस्टेज घाला. त्यावर ऑफिसखर्च आणि नफा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर पृथक्करणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. तुमचा आकडा वेगळा असू शकतो, पण तो ठरवलेला आणि लिहिलेला हवा.

अशी प्रत्येक बाब कागदावर किंवा साध्या एक्सेलमध्ये मांडली की दोन गोष्टी होतात. आपण आजवर कुठे अंदाजाने आकडा टाकत होतो ते कळतं. आणि सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच आठवड्यात भरायचा माल तयार होतो. दरांची वही नसताना घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रेत्याने आधीच भरून दिलेले दर राहतात, आणि ते दर ना तुमच्या गावचे असतात, ना तुमच्या मुकादमाचे.

परदेशी सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा धोका अधिक. अमेरिकेतली अनेक साधनं आरएसमीन्ससारख्या तिथल्या दरकोशावर चालतात. दर डॉलरमध्ये, घरं लाकडी सांगाड्याची, मजुरीची पद्धत वेगळी. मोजणीचं तंत्र त्यातून घेता येईल, दर मात्र एकही घेता येणार नाही. देशी सॉफ्टवेअरमध्येही पाहा. एका घनमीटर वीटकामाला ५०० विटा हा आकडा १९ बाय ९ बाय ९ सेंटिमीटरच्या मॉड्युलर विटेचा आहे. गावच्या भट्टीवरची वीट त्या मापाची नसेल तर हा आकडा बदलता आलाच पाहिजे.

एक्सेल कुठपर्यंत पुरतं

वर्षाला मोजकी कामं, एकच माणूस एस्टिमेट करणारा आणि एकाच धाटणीचे बंगले, अशी फर्म असेल तर नीट बांधलेली एक्सेल फाइल पुरते. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अनेकांना सॉफ्टवेअरची गरज नसताना ते विकलं जातं. मोजमापांचं एक पान, दर पृथक्करणाचं एक पान, मालाच्या मूळ दरांचं एक पान आणि गोषवारा, अशी चार पानं एकमेकांना जोडलेली असतील आणि मालाचा दर एकाच जागी बदलत असेल, तर ती फाइल चांगलं काम देते.

एक्सेलची दुखणीही ठरलेली आहेत. मध्येच एक ओळ वाढवली आणि ती बेरजेच्या सूत्रात आलीच नाही. कुणीतरी सूत्राच्या जागी थेट आकडा टाकला. एका कामाच्या पाच फाइल झाल्या आणि ग्राहकाला नेमकी कुठली पाठवली ते आठवेना. ड्रॉइंग बदललं, काही खोल्यांची मापं बदलली, काहींची राहिली. यातल्या दोन-तीन गोष्टी वारंवार घडू लागल्या, दुसरा माणूस एस्टिमेट करू लागला किंवा एकाच वेळी तीन-चार कोटेशनं द्यावी लागली, की सॉफ्टवेअरकडे वळायची वेळ आली असं समजा.

बाजारात काय काय मिळतं

पहिला गट अंदाजपत्रक आणि दर पृथक्करण करणाऱ्या देशी सॉफ्टवेअरचा. यात दरसूची भरलेल्या मिळतात, मोजमापाचे तक्ते आपल्या पद्धतीचे असतात आणि गोषवारा सरकारी नमुन्यात छापता येतो. सरकारी काम करणाऱ्या छोट्या फर्मसाठी हाच गट बहुधा योग्य. भरलेली दरसूची कोणत्या वर्षाची आहे आणि नवी आली की ती भरून देण्याचे पैसे वेगळे लागतात का, हे आधी विचारा.

दुसरा गट ड्रॉइंगवरून थेट मोजमाप काढणाऱ्या साधनांचा. प्लॅनस्विफ्ट, ब्लूबीम रेव्हू अशी नावं यात येतात. पीडीएफ उघडून भिंतीवर रेघ ओढली की लांबी, खोलीभोवती फिरलं की क्षेत्रफळ. ड्रॉइंगची मोजणी हेच तुमचं सर्वांत वेळखाऊ काम असेल तर याचा मोठा फायदा होतो. मात्र अट एकच, ड्रॉइंग प्रमाणात हवं. व्हॉट्सॲपवर आलेला नकाशाचा फोटो किंवा दोनदा झेरॉक्स होऊन स्कॅन केलेला कागद यात घातला तर मोजमाप चुकणारच. आर्किटेक्टकडून मूळ पीडीएफ किंवा ऑटोकॅडची फाइल मागून घ्या आणि प्रत्येक पानावर एक लिहिलेलं माप मोजून प्रमाण पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा गट त्रिमितीय मॉडेलवर चालणाऱ्या साधनांचा आणि मोठ्या ईआरपींचा. रेव्हिटमध्ये मॉडेल असेल तर त्यातून परिमाणं निघतात. पण छोट्या कामाचं असं पूर्ण मॉडेल आर्किटेक्टकडून क्वचितच येतं. ईआरपीमध्ये खरेदी, स्टोअर, बिलं, हजेरी सगळं असतं, आणि ते सगळं रोज भरणारी माणसंही लागतात. दोन-तीन साइटच्या फर्मने इथे उडी मारण्याची घाई करू नये.

एका खोलीची परीक्षा

डेमोमध्ये विक्रेता स्वतःचं तयार उदाहरण दाखवतो. त्याला थांबवा आणि तुमचं उदाहरण द्या. एकच खोली पुरते. आतून ३.०० बाय ३.६० मीटर, भिंत २३० मिलिमीटर, उंची आतून आणि बाहेरून ३ मीटर, एक दार १.०० बाय २.१०, एक खिडकी १.२० बाय १.२०, वर १२५ मिलिमीटरचा स्लॅब बाहेरच्या कडेपर्यंत. लिंटेल सध्या बाजूला ठेवा.

उत्तरं आधी हाताने काढून ठेवा. मध्यरेषेने भिंतीची लांबी १४.१२ मीटर. वीटकाम एकूण ९.७४ घनमीटर, दार-खिडकी वजा जाता ८.९३. स्लॅबचं काँक्रीट १.७६ घनमीटर. गिलावा आतून ३९.६० आणि बाहेरून ४५.१२, एकूण ८४.७२ चौरस मीटर.

आता खरी गंमत गिलाव्याच्या वजावटीत आहे. भारतीय मानक १२०० हे मोजमापाच्या पद्धतीचं मानक आहे. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्यांची वजावट करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघाड्यांची वजावट एकाच बाजूची करायची आणि कडांचा गिलावा वेगळा जोडायचा नाही. तीन चौरस मीटरच्या वरच्या उघाड्यांची दोन्ही बाजूंची वजावट करायची आणि कडा जोडायच्या. आपलं दार २.१० आणि खिडकी १.४४ चौरस मीटर, दोन्ही मधल्या गटात. तेव्हा वजावट ३.५४ आणि निव्वळ गिलावा ८१.१८ चौरस मीटर. जे सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी वजावट करून ७७.६४ दाखवेल, ते प्रत्येक खोलीत तुमचं साडेतीन चौरस मीटर मोजमाप सोडून देत आहे. वीस खोल्यांच्या कामात ते ७० चौरस मीटर होतं.

सळईचीही एक चाचणी घ्या. बारा मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला ०.८८९ किलो यायला हवं, कारण व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागायचं हा आपला नेहमीचा हिशेब. बारा मीटरची सळई १०.६७ किलोची. लॅप, हुक आणि वेस्टेज सॉफ्टवेअर कुठे आणि किती धरतं, तेही दाखवायला सांगा.

एककांकडे विशेष लक्ष द्या. ग्राहक चौरस फुटात बोलतो, सरकारी बाब घनमीटरमध्ये असते, वाळूचा ट्रक ब्रासमध्ये येतो, सळई टनात आणि सिमेंट पोत्यात. एकाच बाबीत खरेदीचं एकक वेगळं आणि मोजणीचं वेगळं ठेवता येत नसेल, तर रूपांतर पुन्हा कॅल्क्युलेटरवर करावं लागेल आणि जुन्या चुका परत येतील.

कर आणि नफा कुठे बसतात

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. समजा कर वगळून पोत्याचा दर २८० रुपये आहे. आधी ते ३५८ रुपये ४० पैशांना पडत होतं, आता ३३० रुपये ४० पैशांना. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ दर आणि कर वेगळे रकाने होते, त्यांना एक आकडा बदलावा लागला. ज्यांनी करासह एकच दर टाकला होता, त्यांना प्रत्येक बाब उघडावी लागली.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा कर तुमचा खर्च आहे की नाही. वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर १८ टक्के जीएसटी आकारणाऱ्या नोंदणीकृत ठेकेदाराला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे त्याने बाबीचा दर कर वगळून काढावा आणि शेवटी बिलावर कर लावावा. स्वतः घरं बांधून विकणाऱ्याला निवासी प्रकल्पात १ एप्रिल २०१९ पासूनच्या ५ टक्के किंवा परवडणाऱ्या घरांसाठीच्या १ टक्का व्यवस्थेत क्रेडिट मिळत नाही, म्हणून सिमेंट-सळईवरचा कर हा त्याचा खर्चच. एकाच फर्मची दोन्ही कामं असतील तर सॉफ्टवेअरमध्ये कामागणिक हे ठरवता यायला हवं. बांधकाम कामगार कल्याण उपकराचा १ टक्काही विसरू नका. तुमचा नेमका कर तुमच्या कर सल्लागाराकडून ठरवून घ्या, सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडून नव्हे.

नफ्याचा रकानाही तपासा. वीस लाखांच्या खर्चावर १५ टक्के चढवले तर कोटेशन २३ लाखांचं होतं, पण त्यातला ३ लाखांचा नफा विक्रीकिमतीच्या १३ टक्केच असतो. विक्रीकिमतीच्या १५ टक्के हवे असतील तर कोटेशन २३ लाख ५३ हजारांच्या आसपास जातं. सॉफ्टवेअर यातला कोणता हिशेब करतं, हे न विचारता वापरलं तर प्रत्येक कामात अर्धा लाख रुपये कुठे गेले ते कळणार नाही.

किंमत, मालकी आणि माणूस

सॉफ्टवेअरची किंमत परवान्यापुरती धरू नका. वार्षिक देखभाल, दरसूचीचे नवे भाग, जादा वापरकर्ता, प्रशिक्षण, आणि सुरुवातीला तुमचे दर भरायला लागणारा वेळ, हे सगळं मिळून तीन वर्षांचा खर्च काढा. एकदाच पैसे भरून घ्यायचं आणि दरमहा भाड्याने घ्यायचं, या दोन्हींची तुलना तीन वर्षांवरच करा.

इंटरनेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा फायदा असा की साइट इंजिनिअर आणि ऑफिस एकच फाइल पाहतात. पण तुमच्या साइटवर रेंज मिळते का, तेही पाहा. संगणकावर बसवलेलं घेत असाल तर तो संगणक बंद पडला की फाइल कुठून मिळेल, याची सोय आधी करा.

वर्गणी थांबवल्यावर तुमची अंदाजपत्रकं आणि दर पृथक्करण तुम्हाला एक्सेलमध्ये पूर्ण मिळतात का? फक्त पीडीएफ मिळत असेल तर समजा की तुमच्या फर्मचे दर दुसऱ्याच्या तिजोरीत आहेत. तसंच, लॉगिन फर्मच्या ईमेलवर ठेवा, इंजिनिअरच्या खासगी ईमेलवर नको. छोट्या फर्ममध्ये तरुण इंजिनिअर दोन-तीन वर्षांत पुढे जातात, ते त्यांच्या प्रगतीसाठी योग्यच आहे. मात्र त्यांच्यासोबत फर्मचे दर जाता कामा नयेत. म्हणून सॉफ्टवेअर किमान दोघांना शिकवा, आणि त्यातले एक मालक स्वतः असावेत.

खरेदीचे हिशेब टॅलीत असतील तर दोन्हीकडे बाबींची आणि मालाची नावं एकसारखी ठेवा. मग काम चालू असतानाच अंदाजातलं सिमेंट किती आणि आलेलं किती, हे महिन्याला पाहता येतं. कोटेशन मराठीत द्यायचं असेल तर मराठी मजकूर युनिकोडमध्ये छापता येतो का ते पाहा. जुन्या फाँटमधला मजकूर ग्राहकाच्या मोबाइलवर वाचता येत नाही. आपल्या भाषेत, काय धरलं आहे आणि काय धरलेलं नाही हे स्वच्छ लिहिलेलं कोटेशन ग्राहकाला दिलं की पुढचे निम्मे वाद टळतात.

डेमोच्या वेळी विचारायचे प्रश्न

१. माझ्या बाबींचं दर पृथक्करण मी स्वतः भरू आणि बदलू शकतो का? प्रत्येक दर कसा आला ते पडद्यावर दिसतं का?

२. मालाचा एक दर बदलला की सगळ्या बाबी बदलतात का? आणि ग्राहकाला आधी दिलेलं कोटेशन जुन्याच दरांवर गोठून राहतं का?

३. वजावटीचे नियम भारतीय मानक १२०० प्रमाणे आहेत का? वेगळा करार असेल तर ते बदलता येतात का?

४. ड्रॉइंग बदलल्यावर जुन्या आणि नव्या अंदाजपत्रकातला फरक बाबनिहाय दिसतो का?

५. चालू बिलं याच बाबींवरून निघतात का, की पुन्हा सगळं टाइप करावं लागतं?

६. सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर.

७. अडचण आली तर फोन कोण उचलतं, कोणत्या वेळेत आणि मराठीत किंवा हिंदीत बोलतं का?

८. माझ्याएवढ्या आकाराच्या, माझ्यासारखंच काम करणाऱ्या दोन ग्राहकांशी बोलता येईल का?

आठवा प्रश्न टाळू नका. त्या ग्राहकांना फोन करून एकच विचारा: गेल्या महिन्यात तुम्ही यावर किती कोटेशनं केलीत?

झालेल्या कामावर चालवून पाहा

चाचणीची मुदत मिळाली की नवं काम त्यावर टाकू नका. गेल्या वर्षी पूर्ण झालेलं, सगळी बिलं आणि मजुरीचे हिशेब हाताशी असलेलं एक काम घ्या. त्या कामाचं मूळ ड्रॉइंग आणि त्या वेळचे दर टाकून अंदाजपत्रक करा. आता तीन आकडे शेजारी ठेवा: तेव्हा हाताने दिलेलं कोटेशन, सॉफ्टवेअरचं उत्तर आणि प्रत्यक्ष झालेला खर्च.

फरक बाबनिहाय पाहा. काँक्रीट आणि वीटकाम जुळलं, पण सेंटरिंगमध्ये तफावत आली, तर सेंटरिंगचा तुमचा दर कुठे चुकतो ते शोधा. सळई जास्त गेली असेल तर लॅप आणि तुकड्यांचं वेस्टेज तपासा. काही बाबी अंदाजपत्रकात सापडतच नाहीत: साइटची शेड, पाण्याचे टँकर, राखणदार, शेवटची साफसफाई, ग्राहकाने सांगितलेले किरकोळ बदल. त्यांची एक कायमची यादी करा आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नव्या कामाला ती आपोआप येईल अशी सोय करा. या एका व्यायामातून सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे कळतंच, शिवाय आपली फर्म पैसे कुठे गमावते हेही कळतं.

त्यानंतर एक नवं, मध्यम आकाराचं काम जुन्या पद्धतीने आणि सॉफ्टवेअरवर, दोन्हीकडे करा. दोन्ही आकडे जुळले किंवा फरकाचं कारण सापडलं, की जुनी पद्धत बंद करा. दोन्ही पद्धती वर्षभर चालू ठेवल्या तर कुठलीच नीट होत नाही.

शेवटी एवढंच सांगायचं आहे. सॉफ्टवेअर घेतल्यावर काम संपत नाही. प्रत्येक काम पूर्ण झालं की एक दिवस राखून ठेवा, प्रत्यक्ष खर्च अंदाजाशी ताडून पाहा आणि त्यानुसार दर दुरुस्त करा. तीन-चार कामांनंतर तुमच्याकडे असा दरकोश तयार होईल, जो कुठल्याही कंपनीकडे विकत मिळणार नाही. आज संध्याकाळीच नेहमीच्या पंचवीस बाबींची यादी काढून सुरुवात करा. विक्रेत्याला फोन त्यानंतर करा.